कुलूप की चूल?

आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचे मूळ गाव बीदरकडचे. कुणाचे संतपूर, कुणाचे औराद, कुणाचे भालकी. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि बीदर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. आपण नोकरीधंद्यासाठी शहरात राहिलो, गावच्या वाड्याला कुलूप लागले. कुलूप लावले म्हणजे घर राखले, अशी आपली समजूत. ती खोटी आहे.

माळवदाचे घर माणसांच्या वावराने टिकते. मृगाआधी छतावर पांढरी माती टाकावी, घुशींची बिळे बुजवावीत, पन्हळी मोकळ्या कराव्यात, तर पावसाळा सुखाचा जातो. हे चुकले की पाणी मुरते, मग तुळई कुजते आणि एके दिवशी भिंत बसते.

इंग्लंडात १९६५ साली सर जॉन स्मिथ व लेडी स्मिथ यांनी लँडमार्क ट्रस्ट स्थापन केला. पडायला आलेली जुनी घरे दुरुस्त करायची आणि सुटीसाठी येणाऱ्या कुटुंबांना थोडे दिवस भाड्याने द्यायची. चूल आणि भांडीकुंडी तयार. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. दूरदर्शन संच मुद्दामच ठेवीत नाहीत. भाड्यातून डागडुजी निघते. अशा सुमारे दोनशे वास्तू आज त्या संस्थेकडे आहेत.

आपल्याला याचे नवल वाटू नये. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापुरास जाणारा मराठी यात्रेकरू पुजाऱ्याच्या घरी उतरतो, हे आपण पाहत आलो आहोत. धर्मशाळेत शिधा बरोबर नेऊन तीन दगडांवर पिठले-भाकरी करणारी पिढी तर आपल्याच घरातली. मात्र त्या वेगळ्या चुलीमागे सोवळेही होते, हे विसरू नये. आज वाडा उघडायचा तर जात न विचारता उघडावा. देवघराला हवे तर दार लावावे; माजघर आणि ओसरी पाहुण्याची.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे यांखालीच हजारो माणसे गेली. तेव्हा जुने ते सोने म्हणून पाहुण्याला धोक्यात झोपवणे हे पाप होय. जाणत्या अभियंत्याकडून भिंतीत आरपार बांधदगड घालून घ्यावेत, छताचे ओझे उतरवावे, मगच दार उघडावे. हा खर्च आहे. पण तो टाळला तर बंद वाडाही शेजाऱ्याच्या अंगावर पडायचाच.

खरी अडचण पैशाची नाहीच. ती भाऊबंदकीची आहे. सातजणांचा हिस्सा, म्हणून खिळा ठोकायलाही कुणी धजत नाही. सातही हिस्सेदारांनी एकत्र बसून एक लेखी करार करावा आणि भाड्याचा पहिला पैसा माळवदावर खर्चावा. वाटणीवरून भांडत बसलो, तर वाटून घ्यायला ढिगाराच उरेल. संतपूरच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाने आपल्या आजीच्या चुलीवर भात शिजवला, तर घराण्याची अब्रू कमी होणार नाही. धूर निघेल तोवर घर उभे राहील.