मानधन आणि वेतन

सांप्रत आपल्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत व 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, मुलांच्या शिक्षणाचा विषय ज्या घरी निघतो त्या घरी दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, मुलास इंग्रजी उत्तम आले पाहिजे. दुसरी, शाळेची फी डोईजड झाली आहे. या दोहोंच्या मधोमध तिसरी एक गोष्ट असते, ती मात्र सहसा कोणी काढीत नाही. ज्या शिक्षिकेच्या मुखातून मूल हे इंग्रजी ऐकते, तिच्या हाती महिनाअखेर काय पडते, ही ती गोष्ट होय. या महिन्यात तिचाच विचार करण्याचे योजिले आहे.

आरंभी एका शब्दाचा परामर्श घेऊ. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकास, शिक्षणसेवकास किंवा खाजगी शाळेतील नव्या शिक्षिकेस जे द्रव्य मिळते त्यास वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संस्कृतात मानधन हे द्रव्याचे नाव नव्हे. तो बहुव्रीही समास असून, मान हेच ज्याचे धन तो मानधन, असा त्याचा विग्रह होतो. अर्थात ते मनुष्याचे विशेषण आहे. भारवीच्या किरातार्जुनीयात, पहिल्याच सर्गात, दुर्योधनाच्या योद्ध्यांस ते लाविलेले आढळते. मौज अशी की, त्या वीरांस मानधन म्हणून झाल्यावर लगेच पुढच्या विशेषणाने, राजाने त्यांचा धनाने सत्कार केलेला आहे, असे कवी सांगतो. मान हेच ज्यांचे धन, त्यांसही धन द्यावे लागते, हे राजनीती जाणणाऱ्या त्या कवीस पक्के ठाऊक होते. आपण मराठीत त्या विशेषणाचे नाम केले, आणि धन थोडे पडले तर उरलेली भर मानाने घालण्याची सोय करून घेतली.

महाराष्ट्रात 2000 हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी सर्व माध्यमांच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनश्रेणीऐवजी ठरीव मानधनावर काम करावयाचे, अशी ही योजना. प्रारंभी हे मानधन दरमहा प्राथमिक शाळेत 3,000, माध्यमिक शाळेत 4,000 व उच्च माध्यमिक शाळेत 5,000 रुपये होते. पुढे ते अनुक्रमे 6,000, 8,000 व 9,000 झाले, आणि 1 जानेवारी 2023 पासून 16,000, 18,000 व 20,000 असे ठरले. तात्पर्य, लहानग्यांस परकी भाषा शिकविण्याचे नवे व कठीण काम ज्या वर्षी शाळेवर आले, त्याच वर्षी ते काम करावयास येणाऱ्या नव्या माणसाचे मोल उतरले.

शिक्षकांस तयार करण्याची खटपट मात्र पुष्कळ झाली. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी शासनाने काढलेली राज्य आंग्ल भाषा संस्था आपल्याच शहरात वसली. 2016 पासून राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘तेजस’ नावाचा उपक्रम चालविला. त्यात शिक्षक लहान लहान मंडळे करून एकमेकांपासून शिकत. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु उत्तम शिकलेला शिक्षक पुढच्या वर्षी त्याच वर्गावर टिकून राहावा, तर त्यास पोटापुरते मिळाले पाहिजे, हे कोणत्याही प्रशिक्षणाने टळत नाही.

विनाअनुदानित शाळांची कथा याहून बिकट आहे. 2001 मध्ये राज्याने नव्या शाळांस ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण धरिले. 2009 मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द गळाला, परंतु इंग्रजी माध्यमाच्या शाळांस त्या सवलतीतून वगळण्यात आले. 2016 मध्ये पात्र शाळांस 20 टक्के अनुदान मिळू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या शहरी राज्य मंत्रिमंडळाची बैठक भरली असता, अनुदान मागण्यास आलेल्या शिक्षकांच्या मोर्चावर लाठी चालली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेस तर अनुदान नाहीच. तेथील शिक्षिकेचे वेतन सर्वस्वी पालकांच्या फीतून निघते. अर्थात तिचे खरे वेतनदाते आपण वाचकच आहो. आपले द्रव्य तिच्यापर्यंत किती पोहोचते, एवढे मात्र आपण विचारीत नाही.

तिच्या कामाचे माप कोणी घेतले आहे काय? गणिताच्या उत्तरावर बरोबर किंवा चूक अशी खूण करता येते. निबंधाचे तसे नसते. एका वर्गात साठ मुले धरा. प्रत्येकाचा एक निबंध तपासण्यास केवळ तीन मिनिटे लागतात असे माना. एका वर्गाचे तीन तास झाले. अशा चार तुकड्या तिच्याकडे असल्या की एका निबंधापायी बारा तास जातात, आणि ते शाळेच्या घंटेत बसत नाहीत. ते रात्री, घरची जेवणे आटोपल्यावर, माजघरात बसून काढावे लागतात. जेथे तासिकेवर पैसे मिळतात तेथे मोजणी फळ्यापुढे उभे राहिलेल्या वेळाची होते. वह्यांचा ढीग हिशेबात येत नाही. मे महिना व दिवाळीची सुटी यांत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. नेमणूक दहा महिन्यांची, जूनमध्ये पुन्हा नवे पत्र. सही एका आकड्यावर, हाती दुसराच आकडा. अशा तक्रारी आमच्या कानी वर्षानुवर्षे येत आल्या आहेत.

आता आपल्या घरात डोकावू. ही शिक्षिका कोणी परकी नव्हे. पुष्कळदा ती आपली सून, पुतणी किंवा भाची असते. एम्.ए., बी.एड्. झालेली असते. ती नोकरीस लागली की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “घरी काही उणे नाही; तेवढाच तिचा वेळ जातो.” हे बोलणे प्रेमाचे असते. पण शाळेचा चालकही अगदी हेच म्हणतो. सुनेचे जेवण, तिचा निवारा, तिच्या मुलांची देखभाल, आजारपणातील औषध, हा सर्व भार एकत्र कुटुंब वाहते; म्हणूनच तिला अर्ध्या वेतनावर राबविणे त्यास परवडते. उरलेले अर्धे वेतन आपणच भरीत असतो. नातवाची फी एका हाताने आणि सुनेच्या वेतनाची तूट दुसऱ्या हाताने. जिला मागे कुटुंबाचा आधार नाही, अशी विधवा किंवा एकटी शिक्षिका त्याच दरात कशी जगत असेल, याचा विचार सुज्ञांनी करावा.

“विद्यादानाचे पैसे ते काय मागावयाचे?” असे कोणी म्हणेल. भाडोत्री अध्यापकाची निंदा मनुस्मृतीत आहे, हे खरे. परंतु त्याच ग्रंथात उपाध्यायाची व्याख्या, उपजीविकेसाठी वेदाचा एक भाग किंवा वेदांगे शिकविणारा, अशी केली आहे. आणि जो काही न घेता शिकवी, त्याच्या चरितार्थाची तजवीज अग्रहाराच्या जमिनीने, दक्षिणेने व शिष्यांच्या सेवेने झालेली असे. आपण अग्रहार सोडला आणि फुकट शिकविण्याची अपेक्षा तेवढी जपून ठेविली.

त्यागाचे उदाहरण म्हणून पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे नाव नेहमी निघते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून टिळक व नामजोशी यांच्यासह 1880 च्या आरंभी ही शाळा काढिली. पुढे आगरकर येऊन मिळाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. तिच्या आजीव सभासदांस महिना 75 रुपये वेतन असे. नामदार गोखल्यांनीही याच वेतनावर वर्षानुवर्षे शिकविले. त्यागाची ही कथा आपण सांगतो, परंतु तिचा उत्तरार्ध गाळतो. सभासदांनी बाहेरचे काम करून प्राप्ती करावी की नाही, व वेतन वाढवावे की नाही, यावर त्या थोर पुरुषांतही तीव्र मतभेद झाले, आणि 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. शिवाय तो त्याग त्यांनी स्वतः ठरविला होता. संस्था त्यांची स्वतःची होती. दुसऱ्याच्या संस्थेत नेमलेल्या मुलीवर चालकांनी लादलेला त्याग त्या तोलाचा कसा ठरावा? बाहेरच्या प्राप्तीचा तो जुना प्रश्न आजही तसाच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकास खाजगी शिकवणीची मनाई आहे. मनाई योग्यच, पण जेथे वेतन पुरेसे नाही तेथे तीच मनाई उपासास कारण होते.

शिक्षकाच्या थोरपणाने त्याचे कसे नुकसान होते, याचा एक दाखला गोव्याचा आहे. करंझाळे येथील एका शाळेतील शिक्षिकेस कामावरून दूर केले असता तिचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1988 मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, विद्या देणे हे उदात्त कार्य असल्याने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाही. शिक्षकांस न्याय मिळण्यासाठी वेगळी योजना असावी, अशी अपेक्षाही न्यायालयाने प्रकट केली. तथापि शिक्षिकेच्या पदरी काय पडले? गिरणीतल्या मजुरास उघडे असलेले दार, कार्य उदात्त म्हणून, तिला बंद झाले.

ज्यांची ही भाषा, त्यांच्या देशात तरी काय आहे? ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकण्यास जगभरातून विद्यार्थी येतात, आणि त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड, ब्रायटन, बोर्नमथ अशा शहरांतून खाजगी भाषाशाळा चालतात. तेथेही पुष्कळ शिक्षक तासावर असतात. उन्हाळ्यात गर्दी झाली की काम, हिवाळ्यात ते आटते; पाठाच्या पूर्वतयारीचा वेळ बहुधा वेगळा मोजीत नाहीत. कामाच्या तासांची कोणतीही हमी नसलेले करारही तेथे आहेत. लंडनबाहेरील इंग्लंडच्या सरकारी शाळेत नव्या शिक्षकाचे वार्षिक वेतन सप्टेंबर 2025 पासून 32,916 पौंडांपासून सुरू होते. भाषाशाळेच्या शिक्षकास असा ठरीव आधार नाही. म्हणजे साहेबाच्या देशीही साहेबाची भाषा शिकविणारा उपेक्षितच म्हणावयाचा. एक भेद मात्र आहे. तेथे तासावर काम करणाऱ्यासही कायद्याने किमान मजुरी मिळते; एप्रिल 2025 मध्ये ती एकवीस वर्षांवरील माणसास ताशी 12.21 पौंड ठरली. तशीच भरपगारी रजाही मिळते. बेडफर्डच्या एका शाळेत तासावर वाद्य शिकविणाऱ्या शिक्षिकेने सुटीच्या वेतनासाठी दावा लाविला, आणि 2022 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला वर्षाकाठी पूर्ण 5.6 आठवड्यांच्या रजेचा हक्क दिला. पुढे 2024 पासून नियम बदलून अशांची रजा केलेल्या तासांच्या 12.07 टक्के प्रमाणात मोजू लागले. प्रमाण घटले असेल, हक्क राहिला.

आपल्याकडेही सर्वत्र अंधार आहे असे नाही. महाराष्ट्राचा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा अनुदान असो वा नसो, सर्व खाजगी शाळांस लागू आहे. कायद्याने संरक्षित शिक्षकास कामावरून काढिले, तर 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि असे न्यायाधिकरण आपल्या शहरातही आहे. उपदानाच्या कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांचा समावेश 1997 पासून झाला, व 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. हे हक्क ज्यांच्यासाठी आहेत त्यांपैकी पुष्कळांस ते ठाऊकच नसतात. तेव्हा घरातील नोकरदार सुनेस वा मुलीस एवढे अवश्य सांगावे, की नेमणुकीचे पत्र लेखी घ्यावे, प्रतिवर्षीची पत्रे जपून ठेवावीत, आणि जेवढे हाती आले त्याहून अधिक आकड्यावर सही करू नये. घरातील वडिलांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. “जाऊ दे, आपल्याला कुठे कमी आहे” असे म्हणून तिचा हात मागे ओढू नये.

पालक या नात्यानेही आपल्यास काही करता येईल. शाळा निवडताना आपण इमारत, बस व मैदान पाहतो. त्याच वेळी मुख्याध्यापकांस दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत: इंग्रजीचे शिक्षक येथे किती वर्षे टिकून आहेत, आणि त्यांस मे महिन्याचे वेतन मिळते काय? चार घरांनी विचारले तर त्यांस उत्तर शोधावे लागेल. घरी शिकवणीस येणाऱ्या बाईंस, मूल मामाकडे गेले म्हणून महिन्याचे पैसे कापण्याची चालही आपण आपल्यापासूनच सोडावी. मूल गेले तरी बाईंचे घरभाडे थांबत नाही.

गुरुपौर्णिमेस आपण शिक्षकांस श्रीफळ व पुष्प देतो, ते अवश्य द्यावे. मान दिल्याने कोणी लहान होत नाही. परंतु त्याच शिक्षिकेस एक तारखेस तिचे पूर्ण वेतन मिळते की नाही, याचीही चौकशी त्याच घराने करावी. दोन्ही तिचीच आहेत.