खोकला दाखवायचा तर खोली द्या

जालना एमआयडीसीतल्या एखाद्या कामगाराला क्षयरोग निघाला, तर पहिल्या काही दिवसांत त्याचा मुक्काम, जेवण आणि बुडालेला रोज यांचा खर्च कोणी उचलायचा? हा प्रश्न काढला की ठरलेली उत्तरं येतात. औषधं फुकट आहेत. सरकार खात्यात पैसे टाकतं. सॅनिटोरियमचा जमाना गेला. आणि शेवटचं, जरा आवाज खाली आणून : हे लोक इथले थोडेच आहेत, बरं नसेल तर गावी जातील. पहिली तीन विधानं खोटी नाहीत, म्हणूनच त्यांचा समाचार नीट घ्यायला हवा.

सगळ्यांत भक्कम आक्षेप सॅनिटोरियमचा. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचा अभ्यास सुरू झाला. १९३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला घरीच औषधं दिली. घरच्या गटाचं जेवण निकृष्ट, विश्रांती कमी, घरं दाटीची. तरीही वर्षाअखेर बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, आणि घरच्या गटातल्या नातेवाइकांना रोगाची लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या सॅनिटोरियमांना उतरती कळा लागली. मिरजेचं वानलेस, पाचगणीजवळचं १९१२ सालचं बेल-एअर ही आपल्याकडची नावं त्याच युगातली. तेव्हा आक्षेपक विचारतात, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी निकालात निघालेला खटला पुन्हा कशाला उकरता?

उकरत नाही. मद्रासचा निकाल मला शिरसावंद्य आहे. ज्याला घर आहे त्यानं घरीच राहावं. पण त्या अभ्यासातले रुग्ण शहरात आपापल्या घरी राहणारे होते. घरात करणारं माणूस होतं, आणि गोळ्या घेतल्या की नाही हे पाहायला आरोग्यसेविका दारात येत होत्या. एमआयडीसीच्या रोलिंग मिलमध्ये नाहीतर इंडक्शन फर्नेसवर राबणारा माणूस बहुधा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेशातून ठेकेदाराचं बोट धरून आलेला. त्याचा मुक्काम कारखान्याच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत, नाहीतर चंदनझिऱ्याकडे पाचसहा जणांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत. दार एक. खिडकी असलीच तर तिला आतून पुठ्ठा ठोकलेला, कारण रातपाळीवाल्याला दिवसा झोपायला अंधार लागतो. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा होतो. क्षयाच्या जंतूची याहून चांगली सोय कोणी मुद्दाम ठरवूनही केली नसती. मद्रासच्या अभ्यासातलं ‘घर’ इथे आणायचं कुठून?

त्यात कामाची भर. भट्टीच्या आतलं अस्तर रॅमिंग मासचं असतं, म्हणजे मुख्यतः सिलिकाची भुकटी. वितळलेल्या भंगारानं ते झिजतं. झिजलं की फोडून काढायचं आणि नवं कोरडं भरून ठोकायचं. लायनिंग फोडताना उडणारी धूळ ज्याच्या छातीत वर्षानुवर्षं जाते त्याला सिलिकोसिस होण्याची भीती, आणि सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसाला क्षयाचा धोका अनेक पटींनी जास्त. म्हणजे हा रोग कामगारानं गावाकडून पिशवीत घालून आणला असं म्हणून कारखानदारांना हात झटकता येत नाहीत. (तोंडावर गमछा बांधणं म्हणजे मास्क लावणं नव्हे, हे एकदा सगळ्यांनीच मान्य केलेलं बरं.)

आता डॉक्टर मंडळींचा आक्षेप, तो अधिक बारीक आहे. ते म्हणतात, परिणामकारक औषध सुरू झालं की रुग्ण फार लवकर निरुपद्रवी होतो. पूर्वी दोन आठवडे म्हणत. अमेरिकेतल्या क्षयरोग नियंत्रकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार बहुतेकांना किमान पाच दिवसांच्या परिणामकारक उपचारांनंतर वेगळं ठेवण्याची गरज उरत नाही. रोग पसरायचा तो निदानाआधीच पसरलेला असतो. मग चोर गेल्यावर खोलीला कुलूप कशाला?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो नीट उलगडला तर माझ्याच बाजूनं साक्ष देतो. निदानाआधीचे आठवडे सगळ्यांत घातक असतील, तर ते लांबतात का, हे विचारायला हवं. फर्नेसवरच्या माणसाला आपला खोकला कळत नाही असं थोडंच आहे? रात्रीचा ताप, पँट ढिली होणं, जिना चढताना लागणारी धाप, सगळं त्याला आपल्याआधी कळतं. तो गप्प बसतो तो हिशोबानं. दवाखान्यात गेलो तर रोज बुडेल. थुंकीत जंतू निघाले तर खोलीतले सोबती अंथरूण बाहेर टाकतील. ठेकेदाराला कळलं तर उद्या गेटवर हाजिरी लागणार नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणायची आणि महिना ढकलायचा. त्या महिन्यात त्याच खोलीतली इतर माणसं त्याच हवेत झोपतात. हा हिशोब बदलायचा असेल तर त्याच्या पारड्यात काहीतरी टाकावं लागेल : खोकला दाखवलास तर झोपायला जागा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, निम्मा-अर्धा रोज चालू राहील, आणि बरा झाल्यावर काम राखून ठेवलेलं असेल. अशा मुक्कामाच्या खोलीचा मोठा उपयोग तिथे कोणी राहायला येण्याआधीच सुरू होतो. डॉक्टरांच्या पाच दिवसांनी उलट एक सोय करून दिली आहे. मुक्काम थोडा, म्हणून खर्चही थोडा. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण निघाले तर मुक्काम वाढेल, पण तसे रुग्ण थोडे असतात.

‘सरकार पैसे देतं’ हेही खरं. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या उपचाराचे झाले सहा हजार, तेही हप्त्यांनी आणि बँक खात्याचे सोपस्कार नीट जमले तर. हे पैसे आहाराचे आहेत आणि आहार फार मोलाचा आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासात २८०० रुग्णांना दरमहा १० किलोचा शिधा दिला, आणि काही घरांमध्ये रुग्णाच्या घरच्यांनाही दिला. ज्या घरच्यांना शिधा मिळाला त्यांच्यात नव्या क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. २०२३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले. तेव्हा हजार रुपयांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण हजार रुपयांत खोली येत नाही आणि गेलेला रोजही भरून निघत नाही.

‘ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे ना?’ असं मग कोणी विचारतं. आहे, आणि कागदावर उत्तम आहे. क्षयरोग्याला ९१ दिवसांच्या नेहमीच्या आजारभत्त्यानंतर रोजाच्या ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. अट एवढीच, की विमाधारकाची सलग दोन वर्षं नोकरी झालेली असावी आणि मागच्या चार वर्गणी-कालखंडांत किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. छटपूजेला गावी गेलेला, परतल्यावर दुसऱ्या ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात नव्यानं चढलेला माणूस या अटीत बसवून दाखवा. ज्याला हा भत्ता सगळ्यांत जास्त लागणार, नेमका तोच बाहेर राहतो.

एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो : अशी खोली काढली की ती क्षयरोग्यांची कोठडी होईल, माणसांवर शिक्का बसेल. महाराष्ट्राला ही भीती पुस्तकातून शिकावी लागत नाही. १८९७ साली प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी पुण्यातल्या घरांत घुसून माणसं छावण्यांत ओढून नेली, आणि त्याचा शेवट २२ जूनला रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. पण त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. वेगळं ठेवणं दोन्हीकडे होतं. एकीकडे पहारा होता आणि दुसरीकडे उशाशी माणूस. जालन्यातली खोली कोणत्या जातीची होणार ते तिच्या नियमांवर ठरेल. यायचं ते राजीखुशीनं. बाहेरून कडी नाही. दारावर रोगाचं नाव नाही. ठेकेदाराला निदान कळवायचं नाही, फक्त इतके दिवस रजा असं कळवायचं. आक्षेपकांनी हे नियम आणखी कडक करायला सांगावेत, मी सही करतो. पण शिक्क्याच्या भीतीनं खोलीच नको म्हणणं म्हणजे आजचा शिक्का तसाच चालू ठेवणं. अंथरूण बाहेर फेकलं जातं तेव्हा शिक्का बसतच असतो.

राहिला ‘गावी जातील’चा मुद्दा. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडचे. टाळेबंदीत काम बंद, म्हणून भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रात्रभर चालत निघाले होते. रोग वेगळा, साल वेगळं, पण ‘गावी जातील’ या दोन शब्दांत जालन्याहून निघणारा रस्ता कसा असतो ते त्या रात्री सगळ्या देशानं पाहिलं. क्षयरोगी पायी जाणार नाही, जनरल डब्यातून जाईल. दोन दिवस, दाटीवाटीत, खोकत. मधेच औषधं तुटतील, आणि अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, निगरगट्ट होतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं राहण्याची योग्य सोय करण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. धट्टाकट्टा असताना ज्याच्या श्रमावर सळई निघते, तो आजारी पडताच परका होतो, हे गणित कोणत्या कायद्यात बसतं?

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळे आक्षेप तिथेच येऊन बसतात. माझा हिशोब अंदाजी आहे, दर हवे तसे बदला. मुक्काम सढळ हातानं पंधरा दिवसांचा धरला आणि रोज ६०० रुपये पूर्ण भरून दिला तरी नऊ हजार. जेवणाचे दिवसाला दोनशे धरून तीन हजार. अंथरूण-पांघरूण, वीज, झाडलोट यांचे दोन-अडीच हजार. माणशी पंधरा हजारांच्या आतबाहेर. एक टन सळईच्या निम्म्या किमतीतही हे बसतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि रोगप्रतिबंध त्या यादीत आहे. लहान मिलवाले त्या मर्यादेत येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून कामगारांच्या संख्येप्रमाणे, ठेक्याचे कामगार धरून, महिन्याला थोडी रक्कम घ्यावी. जागा एमआयडीसीनं सुविधा भूखंडावर द्यावी. बांधकाम जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावं. शिध्याला क्षयरुग्णांना आहार पुरवणारे ‘निक्षय मित्र’ आहेतच. कॅलिफोर्नियात राज्याचा क्षयरोग विभाग स्थानिक आरोग्य खात्यांना रुग्णांच्या अन्ननिवाऱ्यासाठी वेगळा निधी देतो. तेवढ्या लांब जायचं नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन यावं, तिथे कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईत आलेले गावोगावचे लोक राहतात. राहायला जागा हा उपचाराचाच भाग आहे, हे आपल्याकडे नव्यानं पटवावं लागू नये.

आणि हे सुरू झालं की गेटवर एक फलक हिंदीत लावावा, मराठीत नव्हे. ‘दो हफ्ते से खांसी है तो जांच कराइए’ एवढ्यावर थांबणारे फलक आजवर पुष्कळ झाले. त्याच्या खाली आणखी दोन ओळी हव्यात : रहना-खाना मुफ़्त, दिहाड़ी चालू, काम पक्का. आणि खाली एक फोन नंबर, जो रातपाळी सुटल्यावर सकाळी सातलाही कोणीतरी उचलेल.