झाडपाल्याची बाजू खरी, पण अर्धीच

‘झाडपाल्यानं कॅन्सर जातो, पण कंपन्या ते दाबून ठेवतात.’ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालेल्या घरात हे सांगणारा एखादा तरी पाहुणा येतोच. नागपूरच्या मिहानमध्ये या वादाच्या दोन्ही बाजू एकाच परिसरात नांदतात: २०२२ साली लोकार्पण झालेलं एम्स आणि मार्च २०२५मध्ये सुरू झालेलं पतंजलीचं फूड अँड हर्बल पार्क. (तिथला गाजावाजा मुख्यतः संत्र्याच्या रसाचा आहे, ही गोष्ट वेगळी.)

दाबून ठेवल्याचा आरोप मूळ नंदुरबारच्या माणसानंच निकालात काढलाय. १९२५ साली तिथे जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं काढलं आणि १९६६ साली ते जगजाहीर केलं. सत्तरीच्या दशकात त्याचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तर लघवीतून रक्त जाण्यासारखे त्रास सुरू झाले आणि चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. मग जपानमध्ये त्या रेणूत फेरफार होऊन इरिनोटेकन तयार झालं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेनं त्याला मान्यता दिली ती १९९६मध्ये. आज ते केमोच्या सलाईनमधून चढतं. झाडापासून शिरेपर्यंतच्या वाटेला तीस वर्षं लागली, आणि पाहुणा म्हणतो, पाला उकळा आणि प्या.

सह्याद्रीतल्या नरक्यातही हेच कॅम्पटोथेसिन आहे. त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली, वनखात्याला तस्करांमागे धावावं लागलं. पण नरक्याचा काढा म्हणजे इरिनोटेकन नव्हे. काढ्यात विष किती उतरलं, हे कोण मोजणार?

हळदीचंही तेच. काचेच्या बशीत कर्क्युमिननं कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरं. पण पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. आनुवंशिकतेमुळे आतड्यात असंख्य गाठी होणाऱ्या ४४ रुग्णांवरची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन वर्षभर देऊनही गाठींची संख्या किंवा आकार यांत खोट्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही.

‘बरं, नुकसान तर नाही ना?’ आहे. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली लोकप्रिय वनस्पती इरिनोटेकनसोबत घेतल्यावर औषधाचा रक्तातला प्रभावी अंश ४२ टक्क्यांनी घटला. रोग शरीरभर पसरण्याआधीच उपचार सोडून निव्वळ पर्यायी उपाय धरणाऱ्यांचा अमेरिकेतला हिशेब २०१८चाच: आतड्याच्या कर्करोगात मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट. कर्करोग बरा करण्याची जाहिरात आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं उगाच बंद केलेली नाही.

मात्र ‘ते सगळं थोतांड, फेकून द्या’ म्हणून खेकसणारा डॉक्टरही चुकतोच. इरिनोटेकन चढताना लागणारे जुलाब ज्या अॅट्रोपिननं थांबवतात, तेही वनस्पतीचंच देणं. शिवाय खेकसल्यावर रुग्ण झाडपाल्याची बाटली फेकत नाही, लपवतो. आणि केमो का लागू पडत नाही, याचा उलगडा डॉक्टरला होत नाही.

विदर्भातल्या वनस्पतींचे अर्क तपासायचेच असतील तर मिहानसारखी जागा नाही. प्रत्येक घाण्यात घटकांचं प्रमाण सारखं ठेवावं, चाचणी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवावी, अर्क केमोऐवजी नव्हे तर केमोसोबत देऊन पाहावा, आणि निकाल उलटा लागला तरी छापावा. तोवर घरी काही चालू असेल तर रुग्णानं ती बाटली फाईलबरोबर ओपीडीत न्यावी, आणि डॉक्टरनं आधी तिच्यावरचं लेबल वाचावं.