दोन दिवस फक्त दोघांचे

मूल झाल्यावर नवराबायकोचे बोलणे कमी होते, असे काही नाही. उलट ते वाढते. फक्त त्यातले विषय बदलतात. दूध संपले, शाळेची फी भरायची आहे, रात्रभर खोकत होता, डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे. दिवसभरात शंभर वाक्ये होतात आणि त्यातले एकही दोघांविषयीचे नसते. अशा वेळी कुणीतरी सुचवते, "मुलाला आजीजवळ ठेवा आणि दोन दिवस दोघेच कुठेतरी जाऊन या." सुचवणाऱ्याला हे सोपे वाटते. आईच्या पोटात मात्र गोळा येतो. एवढ्याशा जिवाला मागे ठेवून मजा करायला जायचे?

मोठ्या शहरातल्या जोडप्यांना निदान बाहेर पडण्याची सवय असते. लहान गावात हा प्रश्न अधिक अवघड होतो. उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यातले टहरौली घ्या. तहसिलीचे गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे. अशा गावातले एखादे जोडपे डोळ्यांसमोर आणा. तो बँकेत नोकरीला, ती घर सांभाळणारी, मुलगा चार वर्षांचा आणि घरात सासूसासरे. हे दोघे झाशीला कधी गेलेच नाहीत, असे नाही. वर्षातून अनेकदा जातात. पण कशासाठी? कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, मेडिकल कॉलेजात कुणाला तरी दाखवायला. हातात पिशवी आणि डोळा परतीच्या बसवर. झाशीचा किल्ला त्यांनी पाहिलेला असतो तो जाताजाता, बसच्या खिडकीतून.

म्हणूनच "दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघे झाशीला जाऊन येतो" म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "काय काम आहे?" काही काम नाही, हे उत्तर त्यांच्या तोंडून निघत नाही. खरे तर तेच उत्तर आहे. कामासाठी एकत्र जाणे रोजचेच असते. काम नसताना एकमेकांबरोबर असणे संसारातून हळूहळू नाहीसे होते आणि ते नाहीसे झाल्याचे पुष्कळ उशिरा लक्षात येते.

मुलाला त्रास होतो का?

ही शंका रास्त आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मूल आई दिसेनाशी झाली की कासावीस होऊ लागते. बहुतेक मुलांत ही भीती तीन वर्षांच्या आसपास ओसरते. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला ठेवून रात्रीचा मुक्काम करण्याची घाई नको.

परंतु मुलाला त्रास होतो तो केवळ आई नसल्याने की आणखी कशाने, याचा शोध इंग्लंडमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने घेतला. आई बाळंतपणासाठी किंवा उपचारासाठी रुग्णालयात गेली असताना तिच्या लहान मुलांचे काय होते, याचे त्यांनी चित्रीकरण केले. जॉन नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा नऊ दिवस एका शिशुगृहात होता. १९६९ सालच्या त्यांच्या चित्रपटात तो दिसतो. तिथल्या परिचारिका प्रेमळ होत्या, पण त्या सतत बदलत. त्याचे असे एकही माणूस नव्हते. तो रडला, खाईनासा झाला आणि शेवटी आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडे जायलाच तयार होईना.

दुसऱ्या चार मुलांना या दांपत्याने स्वतःच्या घरी सांभाळले. मुलांना आधी घराची ओळख करून दिली. त्यांची खेळणी, पांघरूण, आईचा फोटो बरोबर ठेवला, घरच्यासारखे जेवण दिले. मुख्य म्हणजे आईचा विषय टाळला नाही. ही मुलेही अस्वस्थ झाली, पण कोलमडली नाहीत.

ज्या घरात आजी आहे, तिथे यातल्या बहुतेक गोष्टी आपोआपच जुळून येतात. घर तेच, ताट तेच, गोष्ट सांगणारा आवाज तोच. याबाबतीत टहरौलीतले मूल महानगरातल्या फ्लॅटमध्ये आईबाबांबरोबर एकट्याने वाढणाऱ्या मुलापेक्षा भाग्यवान म्हणायचे.

चोरून निघू नका

तरीही एक चूक बहुतेक घरांत होते. मूल खेळण्यात दंग असताना आईबाबा मागच्या दाराने निघतात. आजोबा त्याला मुद्दाम दुकानात नेतात. तेवढ्यापुरते रडणे टळते. मात्र आई न सांगता नाहीशी होऊ शकते, हे मुलाला कळते आणि नंतर ती विहिरीवर किंवा शेजारी गेली तरी ते पदर सोडत नाही.

त्यापेक्षा आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा, "उद्या आम्ही झाशीला जाणार. रात्री तू आजीजवळ झोपायचे आणि परवा दिवे लागायच्या वेळेला आम्ही घरी." मग तेवढी वेळ मात्र पाळायलाच हवी. निघताना मूल रडले तर रडू द्या, जवळ घ्या आणि निघा. फोन ठरलेल्या वेळी एकदाच करा. दर तासाला मोबाइलवर आईचा चेहरा दिसला की खेळात रमलेले मूलही पुन्हा रडायला लागते.

आजीचाही विचार करा

चार वर्षांच्या मुलामागे दोन दिवस धावणे साठीच्या बाईला सोपे नसते. आजी 'नाही' म्हणत नाही, म्हणून तिला गृहीत धरू नका. औषधे, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या एखाद्या तरुण मुलीची मदत, ही सोय आधी करा. सासूबाईंच्या "आम्ही कधी गेलो का असे?" या बोलण्यात टोमणा असेल, तशीच एखादी राहून गेलेली इच्छाही असेल. पुढच्या वेळी मूल तुम्ही सांभाळा आणि त्या दोघांना तीर्थाला पाठवा. हा व्यवहार घराला चांगला मानवतो.

काय पाहाल?

झाशी फिरायला मोठा खर्च लागत नाही. ओरछाच्या वीरसिंह देव यांनी १६१३ साली बांधलेला किल्ला सकाळच्या उन्हात चढावा. तिथे कडक बिजली ही तोफ आहे आणि राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक मुलाला पाठीशी बांधून घोड्यावरून उडी घेतली, अशी आख्यायिका सांगितली जाते ती जागाही आहे. तिथे उभे राहिल्यावर आईचे मन घराकडे धावणारच. धावू द्या. खाली शहरात राणी महाल आहे. मराठी वाचकाला जिव्हाळ्याचे वाटेल असे गणेश मंदिरही आहे. १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचा विवाह तिथेच झाल्याचे सांगतात.

दुपारी ओरछा गाठावे. झाशीपासून ते सुमारे सोळा किलोमीटरवर, पण मध्य प्रदेशात आहे. रामराजा मंदिरात राम राजा म्हणून पुजला जातो आणि पोलीस त्याला सलामी देतात. जहांगीर महालातल्या जिन्यांवर दोघांनाही दम लागतो. संध्याकाळी बेतवेच्या काठावर छत्र्यांच्या सावल्या लांबतात, शिखरांवर गिधाडे येऊन बसतात. तिथल्या दगडावर तासभर नुसते बसावे.

त्या तासात अर्धा वेळ मुलाचाच विषय निघेल. त्याने पोळी खाल्ली असेल का, आजीला छळत तर नसेल? याचे वाईट वाटून घेऊ नका. ते मूल दोघांचेच आहे. पण कधीतरी बोलता बोलता तो बँकेतल्या बदलीची धास्ती सांगेल, ती म्हणेल की बी.ए.चे शेवटचे वर्ष पुरे करावेसे वाटते. ही वाक्ये घरात चुलीपाशी तोंडून निघत नाहीत, कारण कुणीतरी हाक मारते. मुलावाचून काढलेल्या दोन दिवसांची खरी कमाई हीच.

रविवारी घरी पोचल्यावर मूल धावत येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित ते आजीच्या मागे लपेल, फुरंगटून बसेल. खाऊची लाच दाखवू नका, रागावू नका. हातपाय धुऊन त्याच्याशेजारी जाऊन बसा. रात्री झोपताना ते स्वतःच विचारेल, "किल्ल्यावर काय होतं?" मग तोफेची गोष्ट सांगा. आणि मधल्या दोन दिवसांत आजीने कोणती गोष्ट सांगितली, हे त्याच्याकडून ऐकून घ्या.