सावकाराच्या थापेला भिऊ नका!



जामीन राहिलेल्या कामगाराला सावकार दरडावतो, “दावा लावीन, सगळा पगार जप्त करीन, पेन्शनही सोडणार नाही!” ही साफ थाप आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ६० सांगते : कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. एका हुकूमनाम्यापोटी पगारजप्ती एकूण २४ महिनेच. सरकारी पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड सुरक्षित.

मात्र समन्स नाकारू नका. ३० दिवसांत लेखी कैफियत द्या, नाहीतर एकतर्फी निकाल पदरात पडेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो.

सावकाराचे राज्य आपल्या अज्ञानावर चालते. ते आम्ही चालू देणार नाही. कागद घेऊन युनियन ऑफिसात या!