फलाटावरचे लालित्य

रेल्वेवरचा ललित लेख कसा सिद्ध होतो हे मराठी वाचकाला एव्हाना पाठ झाले आहे. आडगावचे स्थानक, कडुनिंबाखालचा दगडी बाक, दूरवर सिग्नलचा लाल ठिपका, आणि निरोप द्यायला आलेले कुणीतरी, ज्याचे डोळे नेमके गाडी हलतानाच भरून येतात. हे सारे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही त्या बाकांवर बसलेलो आहोत आणि रात्री लांबून येणारी शिट्टी ऐकून आमच्याही पोटात काहीतरी हलते. आमची तक्रार वेगळी आहे. हे लालित्य आता माहितीची जागा घेऊ लागले आहे, आणि त्याची किंमत लेखकाला नव्हे, दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

उदाहरण आमच्या वऱ्हाडातलेच घेतो. मूर्तिजापूर हे मधले जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाई, 113 किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला, 76 किलोमीटर. हीच ती शकुंतला. हिच्यावर जितके हळवे लिहिले गेले तितके महाराष्ट्रातल्या क्वचितच एखाद्या गाडीवर लिहिले गेले असेल. नावापासूनच लेखकांची सोय झालेली. विस्मरण, विरह, दुष्यंत. अंगठीपर्यंत पोहोचायला दोन परिच्छेद पुरतात.

आणि मग हटकून येतो तो गार्ड. गाडीबरोबरचा हा माणूस वाटेतल्या स्थानकांवर स्वतःच तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबवून ते लावायला गाडीवरचेच कुणीतरी उतरे, गाडी पुढे नेऊन मग मागचे फाटक उघडी आणि पुन्हा डब्यात चढे. केवढा घरगुतीपणा, असे लेखक म्हणतात. वास्तविक त्या स्थानकांवर तिकिटे द्यायला माणूस उरला नव्हता आणि फाटकांवर फाटकवाला नव्हता. नोकरभरतीच्या अभावाला घरगुतीपणा म्हणायचे असेल तर आमच्या महाविद्यालयाचा मराठी विभागही कमालीचा घरगुती आहे.

गाडीच्या संथपणाचेही तसेच. 76 किलोमीटरला चार तासांच्या आसपास लागत, हे जणू जीवनाविषयीचे तत्त्वज्ञान असल्यासारखे लिहिले जाते. ती संथ होती कारण रूळ जुने झाले होते. हा मार्ग वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी गेल्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सनच्या कंपनीने घातला. 1951 साली देशातल्या रेल्वेंचे एकत्रीकरण झाले, तरी मालकी त्या खाजगी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र मध्य रेल्वेने चालवल्या. ज्याची मालकी त्याचे लक्ष नाही, ज्याची गाडी त्याचे रूळ नाहीत. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजीन 1994 पर्यंत ओढत राहिले, याचे कौतुक आम्हालाही आहे. पण सत्तर वर्षे दुसरे इंजीन न मिळणे ही कौतुकाची बाब की अनास्थेची, एवढे तरी लेखकाने स्वतःला विचारावे.

आता दोन्ही फाटे बंद आहेत, रुळांवर गवत आहे, आणि लेख अधिक हळवे झाले आहेत. 'वारसा' हा शब्द त्यांत हमखास येतो. आमचे भांडण या शब्दाशी आहे. वारसा म्हटले की डोळ्यांपुढे माथेरानसारखी गाडी येते: सुट्टीत येणारे प्रवासी, छायाचित्रे, रंगवलेले डबे. दर्यापूरच्या बाजाराला जाणारी बाई त्या चित्रात बसत नाही. तिला शकुंतला हवी होती ती एस.टी.पेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त होते म्हणून, आणि डब्यात गाठोडे ठेवायला जागा होती म्हणून. तिला ब्रॉडगेज झाले तरी चालेल. शकुंतलेचे नाव पुसले गेले तरी तिची झोप उडणार नाही. उडेल ती आमची.

रेल्वेवर वेगळे लिहिता येत नाही असे थोडेच आहे? गांधींनी 1917 साली मुंबई-मद्रास तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासाबद्दल लिहिले, त्यात गर्दी आहे, घाण आहे, तिकिटाची नेमकी रक्कम आहे. त्यांना खिडकीबाहेरचे दिसत नव्हते असे नाही. डब्यातले आधी दिसले, इतकेच.

काही वर्षांपूर्वी, अचलपूरची गाडी अजून धावत होती तेव्हा, आम्ही प्रथम वर्षाला 'शकुंतला' हाच निबंधाचा विषय दिला होता. वर्गातल्या बहुतेकांनी अंगठी आणली. अंजनगावकडच्या एका मुलीने मात्र दीड पानात एवढेच लिहिले, की गाडी किती वाजता येते, किती उशीर करते, आई भाजी घेऊन कुठे उतरते, गाडी चुकली तर एस.टी.ला किती पैसे जातात आणि मग त्या दिवशी हातात काय उरते. शेवटी बेरीज-वजाबाकीही मांडली होती. आम्ही तिला वीसपैकी आठ गुण दिले आणि समासात लाल शाईने शेरा लिहिला: 'विषय रुक्ष झाला आहे. वर्णनात लालित्य हवे.'