नवा रंग आणि खारे पाणी

आमच्या भाच्याने मागच्या हिवाळ्यात एक जुनी मालवाहू ओम्नी घेतली. पतसंस्थेचे कर्ज काढून घेतली. भातकुली ते अमरावती किराणा आणि मंडपाचे सामान वाहायचे, चार पैसे मिळवायचे, असा बेत. गाडीचा पत्रा ठीक होता, पण रंग उडालेला. गिऱ्हाईक गाडीचे तोंड पाहूनच भाडे ठरवते, म्हणून त्याने आणखी अठरा हजार घालून अमरावतीत गाडी पांढऱ्याची निळी करून आणली. वस्तीतल्या पोरांनी त्याच दिवशी मागच्या दारावर हातभर लांबीचे ‘जय भीम’चे स्टिकर लावले.

तीन आठवड्यांनी भाचा आमच्या दारात उभा. “मामाजी, पेंटर चोर निघाला जी. पाहा नं काय झालं ते!”

टपावर पांढऱ्या चकत्या पडल्या होत्या. बॉनेटची चमक गेली होती. स्टिकर वाकडे बसले म्हणून काढले, तर त्याबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला होता. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, खतावणीतली चूक आम्हाला दिसते, रंगातली कुठून दिसणार? पण एका बाजूचे ऐकून कोणाला चोर म्हणायचे नाही, एवढे सामाजिक कामात शिकलो. भाच्याला घेऊन आम्ही पेंटरकडे गेलो.

पेंटरने गाडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “धुतली कायनं?”

धुतली होती चौथ्या दिवशी, घरच्या बोअरच्या पाण्याने, कपड्याच्या पावडरीने. डाग जाईनात म्हणून वरून डिझेलचा बोळा फिरवला होता.

भातकुलीच्या वाचकांना खारे पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जे पाणी डाळ शिजू देत नाही, ते गाडीवर उन्हात वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जुन्या, कडक रंगावरून ते पुसून निघतात. कोवळ्या रंगात मात्र रुतून बसतात.

रंग कोवळा असतो, हेच आपल्याला माहीत नसते. हाताला लागत नाही म्हणजे वाळला, असे आपण धरतो. पेंटर मंडळी आजही ज्याला ‘ड्युको’ म्हणतात तो जुना रंग १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत मोटारींवर आला. त्याआधी एकेका गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. हा रंग केवळ थिनर उडून वाळतो. पावसाळ्यात मारला तर थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच सुकू लागतो आणि रंग खरखरीत बसतो. म्हणून वऱ्हाडात रंगाचे काम हिवाळ्यात काढलेले बरे. आता बहुतेक ठिकाणी हार्डनर घालायचा रंग वापरतात. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, पण पुरा पक्का व्हायला त्यालाही साधारण महिना लागतो.

तोवर काय करायचे, ते पेंटरने सांगितले, आम्ही डायरीत टिपून घेतले. पहिला आठवडा पाणीच लावू नये. नंतर सकाळी सावलीत, नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवावे आणि मऊ सुती कपड्याने लगेच टिपावे, घासू नये. धूळ कोरडी पुसू नये; आपल्या काळ्या मातीतले बारीक खडे ओरखडे काढतात. ताडपत्री किंवा कव्हर घालू नये, आत वाफ कोंडते. लिंबाखाली गाडी उभी केली आणि पाखराने घाण केली, तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढावी. मेणाचे पॉलिश एक ते तीन महिने लावू नये. रंगाच्या डब्यावर जी मुदत असेल ती पाळावी. स्टिकरचेही तेच. त्याखाली थिनर अडकतो, रंग मऊच राहतो आणि स्टिकर ओढले की सोबत निघतो.

टपावरच्या चकत्या काढता येतील, असे तो म्हणाला, पण महिन्याभराने. आधी १५०० नंबरचा पाण्याचा पेपर, मग २०००, मग रबिंग, शेवटी पॉलिश. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर पेपर चालवायचा नाही, तिथे रंगाचा थर पातळ असतो. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग भरतात. घरी हौसेने घासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बोलताना पेंटर सारखा खोकत होता. त्याचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा तोंडाला रुमाल बांधून दुसऱ्या गाडीवर फवारा मारत होता. आमचा भाचा रंग पाहत होता, आम्ही तो रुमाल पाहत होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे किंचित वासानेही धाप लागते. रुमाल धूळ अडवतो, ही वाफ नाही. निदान कोळशाच्या डब्या असलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क हवा, डब्या वेळेवर बदलायला हव्यात, दारे-खिडक्या उघड्या हव्यात. आम्ही हे सांगितले, तेव्हा पेंटर म्हणाला, “साहेब, इतकी वर्षं रुमालावरच काढली जी.” आपल्या किती घरची पोरे अशा गॅरेजात काम शिकत आहेत, वाचकहो! संध्याकाळी ती घरी आली की छाती भरल्यासारखी वाटते का, एवढे आयांनी विचारावे. वाटत असेल तर डॉक्टरला हार्डनरचे काम करतो, हे आवर्जून सांगावे. नाहीतर खोकल्याच्या बाटलीवर महिने जातात.

मागच्या दाराचा रंग पेंटरने अर्ध्या मजुरीत पुन्हा मारून दिला. भाच्याने त्याला चोर म्हटल्याचे आम्ही काही सांगितले नाही. पुढच्या खेपेला मात्र पोराला मास्क घेऊन द्यायला लावला. निम्मे पैसे भाच्याने घातले, निम्मे आम्ही. रंग बदलला की आर.टी.ओ.त जाऊन आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते, हे दोघेही विसरले होते. तो अर्ज आम्हीच भरून दिला. शेवटी कारकुनाचे काम कारकुनाकडेच आले.

गाडी आता अमरावतीहून येताना तिकडच्या नळाचे दोन कॅन भरून आणते. स्टिकर नवे आहे, मागच्या काचेवर.